सु-२४ची खुशाली

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार, १० जून

तीर्थरूप अक्कास,

ललितचा साष्टांग नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं आणि मावशीला तीर्थस्वरूप, असं पत्रलेखनाच्या पुस्तकात दिलेलं आहे. मी आधी तसंच लिहिलं होतं. पण आई गेल्यावर मला तूच वाढवलंस, म्हणून मधला 'स्व' खोडला. खाडाखोड दिसते आहे त्याबद्दल क्षमस्व.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब दिवसातून तीन वेळा घालायचे आहेत, आठवण येईल तेव्हा नव्हे. शेळी व्याली का? व्याली असेल तर करडं किती, आणि त्यांतलं एखादं तरी माझ्या नावाचं आहे का, ते कळव. मी ठीक आहे. म्हणजे ताप वगैरे काही नाही.

पत्र का लिहितो आहे, फोन का करत नाही, असं तू म्हणशील. अक्का, तुला फोन केला की तू "कोन शे? ललित का? जेवना का? बरं, ठेवस" एवढं एका श्वासात बोलून खरोखरच ठेवून देतेस. मागच्या तीन फोनमध्ये मी फक्त "हो" म्हणालो आणि तोही तुला ऐकू गेला नसावा. पत्राला मात्र तू मध्येच ठेवू शकत नाहीस. हे पत्र डावीकडच्या रूपाकडून वाचून घे. रूपाकडूनच. दुसऱ्या कुणाच्याही हाती देऊ नकोस, आणि उजवीकडच्या तिसऱ्या घरात तर ते अजिबात जाता कामा नये. (रूपा, यापुढे कंसात जे येईल ते मनातल्या मनात वाच. अक्काला कंस ऐकू येता कामा नयेत. अधूनमधून पान उलटल्यासारखं कर, म्हणजे तिला शंका येणार नाही.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तू गल्लीत सगळ्यांना सांगतेस की ललित जळगावात चामड्याच्या कारखान्यात लागला. त्यामुळे मागच्या दिवाळीला भटू नानांनी मला चपलेचा अंगठा शिवायला दिला. अक्का, तो चामड्याचा कारखाना नाही. ती प्रयोगशाळा आहे आणि तिथे माणसाची कातडी वाढवतात. माणसाच्या अंगावर नव्हे, नुसतीच. दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली की कातडीचा एखादा तुकडा उरतो, तो एरवी टाकूनच देतात. तो, माणसाने कागदावर सही केली असेल तर, बर्फाच्या पेटीतून आमच्याकडे येतो. आमच्या कामिनी मॅडम त्यातल्या पेशी सुट्या करून गोठवून ठेवतात आणि लागतील तेव्हा तळाला जाळी असलेल्या नखाएवढ्या वाट्यांमध्ये रुजवतात. वाटी गुलाबी पाण्यात बसवायची, त्या पाण्यातून खालून अन्न मिळतं. पहिले काही दिवस वरूनही पाणी असतं, आणि मग वरचं पाणी काढून टाकावं लागतं. मी नवीन असताना मला त्या पेशींची दया आली आणि मी वरूनही पाणी घालत राहिलो. मॅडम म्हणाल्या, "ललित, बुडवून ठेवलंस तर ती कधीच कातडी होणार नाही. वरून हवा लागू दे तिला." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. त्या वेळी ते फक्त वाट्यांबद्दल आहे असं मला वाटलं होतं.

मग त्या कातडीवर साबण, मलम, केसांचा कलप असं लोक अंगाला लावतात ते लावून बघतात, जळजळ होते का म्हणून. पूर्वी हे सशांच्या अंगावर करायचे. पलीकडच्या खोलीत याच कातडीवर मुद्दाम नायटा वाढवतात, औषध शोधायला. त्या खोलीच्या काचेसमोरून नुसतं गेलं तरी मला मांडीला खाज सुटते. (मॅडमनी दोनदा तपासलं. दोन्ही वेळा घामोळं निघालं.) माझं काम म्हणजे वाट्यांना चिठ्ठ्या लावणं, गुलाबी पाणी बदलणं आणि नोंदवही ठेवणं. दहावी दोनदा आणि बारावी अर्धी झालेल्या माणसाला प्रयोगशाळेत कोणी घेत नाही, पण मुलाखतीला गेलो तेव्हा दारावरच्या पाटीवर 'प्रयोगशाळा'तल्या 'यो'चा काना पडलेला होता तो मी दाखवून दिला आणि मॅडमनी मला त्याच दिवशी ठेवून घेतलं. अक्का, शुद्धलेखनाने मला आयुष्यात एवढी एकच गोष्ट मिळवून दिली. घालवलेल्या गोष्टी पुढे येत आहेत.

सुलक्षणा आखाजीला शिंदखेड्याला माहेरी आली, हे तुला माहीत आहेच, कारण तिचं माहेर म्हणजे उजवीकडचं तिसरं घर आणि ते लग्न तूच जुळवलंस. आखाजीला (शुद्ध शब्द अक्षय्य तृतीया) लेकी माहेरी येतात, झोका खेळतात, गाणी म्हणतात आणि आठ दिवसांत परत जातात. आज एकेचाळीस दिवस झाले. झोका एव्हाना सोडला असेल. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकदा फोन केला आणि नुसते पाऊसपाण्याबद्दल बोलले. सासरा जावयाशी दहा मिनिटं फक्त पावसावर बोलतो तेव्हा परिस्थिती गंभीर असते.

झालं ते असं. ती पोहोचली त्या दिवशी संध्याकाळी तिचा संदेश आला. तो मला पाठ आहे: "मी घर पोचनू. तुम्हीन जेवनात का? माले आठे करमत नही." मी तेव्हा वाट्यांचं गुलाबी पाणी बदलून नुकताच घरी आलो होतो आणि चिठ्ठ्या तपासायची नजर अजून उतरली नव्हती. मी तिला उत्तर पाठवलं ते असं: "१) पोचनू – पोहोचले. २) तुम्हीन जेवनात – तुम्ही जेवलात. ३) माले आठे – मला इथे. ४) नही – नाही. 'करमत' बरोबर आहे. बाकी ठीक." आणि 'करमत'पुढे बरोबरची खूण केली. मला खरोखर वाटलं की तिला बरं वाटेल, निदान एक शब्द तरी बरोबर आला. (रूपा, मी तिचा संदेश तपासला, पण वाचला नाही. वाचला तो तीन दिवसांनी, भांडी घासताना, एकाएकी. हातातलं ताट तसंच राहिलं. इतकं सरळ मला आजवर कोणी काही सांगितलेलं नाही, आणि मी त्याला गुण दिले.) त्यानंतर मी पाठवलेल्या प्रत्येक संदेशावर निळ्या खुणा उमटतात. ती वाचते. उत्तर देत नाही. आणि का द्यावं? प्रत्येक उत्तर म्हणजे परीक्षा.

हे पहिल्यांदाच झालं असतं तर वेगळी गोष्ट. लग्नात तिची चुलत बहीण मयुरी हिने मेंदी काढताना तिच्या तळहातावर माझं नाव 'ललीत' असं काढलं. दीर्घ. सुलक्षणाने लाजत हात पुढे केला आणि मी म्हणालो, "लि ऱ्हस्व पाहिजे." मयुरी म्हणाली, "ओ दाजी, आता काय साबन लावीसन धुऊ का?" सगळ्या बायका हसल्या. सुलक्षणाने मूठ मिटली. पुढे पंधरा दिवस ते नाव तिच्या हातावर होतं, आणि पोळी वाढताना, दार उघडताना, केस बांधताना मला ती वेलांटीच दिसायची. (रूपा, आता मला ती वेलांटी कुठेही चालेल. दीर्घ, अतिदीर्घ, कोपरापर्यंत गेलेली.)

आता मुख्य हकिकत, आणि ही ऐकताना तू रागावू नकोस. मागच्या वर्षी धुळ्याला सुलक्षणाच्या दंडावरची गाठ काढली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं की वरचा कातडीचा जास्तीचा तुकडा जळगावच्या प्रयोगशाळेला दिला तर चालेल का. ती म्हणाली, "द्या की, यांच्याकडेच तर जाईल." कागदावर तिने सही केली 'सूलक्षणा' अशी, आणि मी डॉक्टरांसमोर ती दुरुस्त केली. तिच्या स्वतःच्या नावात. (डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं.) ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. पण ती गेल्यानंतरच्या आठवड्यात उबेच्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर वाट्यांची एक थाळी दिसली. त्यावर खूण होती 'सु-२४'. आमच्याकडे नावं येत नाहीत, फक्त अशा खुणा असतात आणि त्या मॅडम ठरवतात. पण सु म्हणजे सुलक्षणा आणि २४ म्हणजे तिचं वय, हे न समजायला मी काही एवढा कच्चा नाही.

अक्का, मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! घर रिकामं होतं, पण इथे ती सदतीस अंशांवर व्यवस्थित होती. मी पाणी बदलायला सगळ्यात आधी तिची थाळी घ्यायचो. कपाटाचं दार हळू लावायचो. रोज सकाळी हळूच विचारायचो, "बरी आहेस ना?" मग एकदा, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, "बरी शे ना?" असंही विचारलं. (रूपा, हे मी मोठ्याने बोललो. घरात दोन वर्षांत एकदाही बोललो नव्हतो.) शेजारची थाळी 'पो-११' होती, म्हणजे पोटाची कातडी, कोणा जाड्या गृहस्थाची असावी. त्याच्याशेजारी तिला ठेवलेली मला आवडत नव्हती, म्हणून मी मध्ये एक रिकामी थाळी ठेवली. आमच्याकडचा नासीर, जो दवाखान्यांतून बर्फाच्या पेट्या आणतो, तो एक दिवस म्हणाला, "ललितभाई, तू त्या थाळीला काय मंत्र म्हणतोस रे?" मी म्हणालो, नोंदी म्हणतो.

आणि मग त्या काळ्या मेंदीचा प्रयोग आला. कुठल्याशा कंपनीची, तासाभरात रंगणारी. लोकांचे हात तिने भाजतात का ते बघायचं होतं आणि मॅडमनी दोन थाळ्या निवडल्या, पो-११ आणि सु-२४. पद्धत अशी की तीन वाट्यांवर नुसतं मिठाचं पाणी घालायचं, ज्याने काही होत नाही. तीन वाट्यांवर साबणातलं जहाल द्रव्य, ज्याने नक्की जळतं. आणि तीन वाट्यांवर मेंदी. मग धुवायचं आणि बेचाळीस तास नुसतं थांबायचं. त्यानंतर पिवळं पाणी घालायचं. कातडी जिवंत असेल तर ती ते पिवळं पाणी स्वतः जांभळं करते. मेलेली असेल तर ते पिवळंच राहतं. यंत्र शंभरपैकी आकडा देतं. पन्नासच्या वर जिवंत असेल तर पदार्थ दाहक नाही असं मानतात.

अक्का, माझ्या हातून होईना. मिठाचं पाणी ठीक होतं. पण तिच्यावर जहाल द्रव्य? आणि मेंदी, तिच्यावर, माझ्या हाताने, पुन्हा? मॅडम चहाला गेल्या तेवढ्यात मी सु-२४च्या चिठ्ठ्यांची झाकणं पो-११च्या जास्तीच्या वाट्यांवर लावली. सु-२४च्या नऊच्या नऊ वाट्यांना मिठाचं पाणी मिळालं आणि पो-११ने सगळं दोनदा सोसलं. त्या गृहस्थाची मी मनातल्या मनात माफी मागितली. नोंदी मी सुवाच्य अक्षरात केल्या.

पुढचे बेचाळीस तास मी जेवलो नाही. आकडे आले. दोन्ही थाळ्यांचे मेंदीचे आकडे चोपन्न आणि चोपन्न. दोन वेगळ्या माणसांच्या कातडीचा आकडा असा तंतोतंत जुळत नाही, हे मॅडमना लगेच दिसलं. त्यांनी काही विचारण्याआधीच मी खिशातून कबुलीजबाब काढला. तो मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता, तीन पानं, समासासह. मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला, मग चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ललित, यात चूक एकही नाही, आणि सगळंच चुकलंय." मला वाटलं त्या कबुलीजबाबाबद्दल बोलत आहेत. मग वाटलं नोकरीबद्दल. (रूपा, बसस्टॉपपर्यंत पोहोचेतो मला कळलं होतं.)

पण नोकरी गेली नाही, त्याला कारण नासीर. तो दारात उभा राहून ऐकत होता. त्याने विचारलं, "सु-२४ तुझी बायको? कोण म्हणालं?" मी खुणेचा अर्थ सांगितला. तो खाली बसला. अक्षरशः जमिनीवर बसला आणि डोळे पुसेपर्यंत हसला. अक्का, सु म्हणजे सुलक्षणा नव्हे. (पुढचा शब्द लिहावा लागतो आहे, क्षमा असावी. शब्दकोशात पाहून घेतला आहे.) सु म्हणजे सुंता. आणि २४ म्हणजे दोन हजार चोवीस साल. लहान बाळाच्या कातडीच्या पेशी जोमाने वाढतात, म्हणून प्रयोगशाळा ती आईबापांच्या सहीने घेते. आणि ही नासीरच्या बहिणीच्या, नाजमीनच्या, मुलाची होती. दवाखान्यातून त्यानेच आणली होती. तो आता दीड वर्षाचा आहे, शेहजाद नाव. म्हणजे मी जवळजवळ महिनाभर रोज सकाळी ज्याला "बरी शे ना?" असं विचारत होतो, ते... असो. नासीर म्हणाला, "भाई, आता तू आमचा सोयरा झालास. ईदला शीरखुर्मा खायला ये." मॅडमना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. त्या हसल्या आणि नोकरी वाचली. संध्याकाळपर्यंत पलीकडच्या नायट्याच्या खोलीतसुद्धा ही बातमी पोहोचली होती आणि काचेआडून दोघं जण मला हात करत होते.

मी मॅडमना एकच विचारलं. मग धुळ्याहून आलेला तो तुकडा कुठे आहे? त्या म्हणाल्या, नावं आमच्यापर्यंत येत नाहीत, सांगता येणार नाही. काही तुकडे रुजतात, काही रुजत नाहीत. म्हणजे अक्का, ती इथे नाहीच. सगळीच्या सगळी शिंदखेड्याला आहे.

प्रयोग मॅडमनी माझ्याकडूनच पुन्हा करून घेतला, नव्या वाट्यांवर. या वेळी मी मेंदी नीट लावली, नीट धुतली आणि बेचाळीस तास थांबलो. मग पिवळं पाणी घातलं. तीन तासांनी बघतो तो वाट्यांच्या तळाशी जांभळा रंग धरलेला. अगदी वांग्यासारखा. यंत्राने आकडा दिला बहात्तर. मॅडम म्हणाल्या, "दाहक नाही. लिही." मी लिहिलं. मग विचारलं, उरलेल्या अठ्ठावीसचं काय? त्या म्हणाल्या, "ते धरत नाहीत." (रूपा, मी धरतो. मेंदी, कागदावरची सही, तो संदेश, आणि जे मला आठवत नाही पण तिला आठवत असेल ते सगळं. ते धुतलं म्हणून गेलं असं होत नाही. पण पन्नासच्या वर काही जिवंत असेल का, हे पिवळं पाणी घातल्याशिवाय कळायला मार्ग नाही. हे पत्र पिवळं आहे असं समज.)

असो, पत्र लांबलं. मला तुझ्याकडून विशेष काही नको. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाबरोबर तुझा काळा मसाला अर्धा किलो पाठवून दे, इथल्या दुकानातल्याला वास नाही. मी हल्ली वांगी भाजतो, पण भरीत मात्र होत नाही, भाजलेली वांगीच राहतात. मामांना नमस्कार. उजवीकडच्या तिसऱ्या घरातल्या इतर कोणाला माझ्याबद्दल काही सांगू नकोस. विचारलं तरच सांग. विचारलं तर लगेच सांग.

तुझा
ललित

ता. क. : मसाला नाही पाठवलास तरी चालेल.

ता. क. २ : अक्का, रूपाचं लग्न होऊन ती पहूरला नांदायला गेली, हे मला माहीत आहे. पत्रिका मला मिळाली होती. (तिच्यात तीन चुका होत्या. मी कोणालाही कळवल्या नाहीत.) तेव्हा आता गल्लीत तुला पत्र वाचून दाखवेल असं एकच माणूस उरलं आहे, आणि ते उजवीकडच्या तिसऱ्या घरातून येतं, हेही मला माहीत आहे. माझं अक्षर लागायला तिला कधी त्रास होत नाही.

ता. क. ३ : (हे मोठ्याने वाचलंस तरी चालेल.) उद्या बेचाळिसावा दिवस. दिवस आणि तास यांत फरक असतो, हे मला कळतं. सुरतकडे जाणारी पॅसेंजर थेट शिंदखेड्याला थांबते, धुळ्याला बस बदलावी लागत नाही. मी रविवारी येऊ का? उत्तर एका शब्दाचं पुरे. 'या' हा शब्द चुकूच शकत नाही. 'नका येऊ' यातला शेवटचा ऊ दीर्घ असतो, पण तू तो ऱ्हस्व लिहिलास तरी मला कळेल.

ता. क. ४ : तुझ्या संदेशाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते देतो. मी जेवनू नही. माले बी आठे करमत नही.

ललीत

(सही तपासून केली आहे.)